बोहनीचा हात

सर, आज तहसील कार्यालयाच्या सभागृहात संगणक आणि कायदा या विषयावर शिबिर होतं. नागपूरहून एक तरुण वकील आले होते. टाय बांधलेला, हातात माईक, आणि मागे भिंतीवर चित्रं हलत होती. त्यांनी सांगितलं की माणूस खोटं बोलतो, कॉम्प्युटर कधीच खोटं बोलत नाही. समोरच्या रांगेतल्या सगळ्या साहेबांनी माना डोलावल्या. त्यातल्या निम्म्यांचे पासवर्ड मला माहीत आहेत, कारण ते शिपायाला मोठ्याने सांगतात. मी चहा यायच्या आधी उठून आले. तिथला चहा चांगला असतो, तरी आले. घरी येऊन हातपाय धुतले आणि लिहायला बसले. तुम्हालाच का, असं विचाराल, तर हे सगळं शेवटपर्यंत ऐकून घेईल असं जिवंत माणसांत कोणी राहिलेलं नाही. तुम्ही निदान मधेच उठून जाणार नाही.

हे गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आले. एसटी डेपोच्या वर्कशॉपमधला माणूस गेला आणि मागे बायको राहिली, म्हणजे आर्वीत सगळ्यांना सल्ला सुचतो. शिवणकाम शीक, पापड लाट, अंगणवाडीत बघ. तुम्ही सल्ला दिला नाही. तुम्ही विचारलं, बोटं लांब आहेत का दाखव. मी हात पुढे केला, तुम्ही खिडकीजवळचं मशीन दाखवलं आणि आपल्या कामाला लागलात. त्या मशीनचं एक अक्षर नेहमी वर उडायचं. पलीकडच्या खोलीतून काकूंच्या स्टोव्हचा आवाज येई, आणि कोर्टाच्या वेळेआधी माणसांची रीघ लागे, कारण तालुक्यातली अर्धी प्रतिज्ञापत्रं तुमच्याच टेबलावर टाइप होत. मी तिथे टायपिंग शिकले, पण त्याहून जास्त वाचायला शिकले. शाळा सुटल्यानंतर मी काही वाचलं असेल तर ते किराण्याच्या पुडीचा कागद. तुमच्याकडे माणसांची भांडणं वाचली, मग वाचनालयातली पुस्तकं वाचली, मग थांबलेच नाही.

एक दिवस आठवतो. मी एक लांब प्रतिज्ञापत्र टाइप करते आहे, शेवटच्या पानावर चूक होते. पुन्हा सगळं पान करायचा कंटाळा, म्हणून यांच्या दाढीच्या डब्यातलं पातं घरून आणते, हलक्या हाताने अक्षर खरवडते, वर नखाने कागद घासते आणि बरोबर अक्षर बसवते. कार्बनच्या प्रतीवरही तसंच. इतकं साफ काम की मलाच कौतुक. तुम्ही पान उजेडाकडे धरता आणि विचारता, "कागद एवढा साफ काऊन हाय?" मी सांगते, चूक झाली होती सर, दुरुस्त केली. "मंग ते चूक गेली कुठं?" मी पातं पुढे करते. "खोडलं तं खोडलेलं दिसलं पाह्यजे. अन् बाजूले खोडणाऱ्याची सही. हे पातं घेऊन जाय घरी. हे चोराचं काम हाय." चार माणसं बसलेली होती. मी रडले नाही, घरी जाऊन रडले, आणि ते पातं परत डब्यात ठेवताना मला यांचाच राग आला, का तर ते नव्हते.

पुढे बसस्टँडमागे कॉम्प्युटरचा क्लास निघाला आणि त्यांना मराठी टायपिंग येणारं कोणीतरी हवं होतं. तुम्हीच मला पाठवलंत. महिनाभराने मी तुम्हाला तिथे घेऊन गेले, आठवतं का? तुम्ही कोट घालून आला होतात. एका बोटाने तुम्ही एक ओळ लिहिली, मग मी सांगितलेली कळ दाबली आणि ओळ नाहीशी झाली. "गेलं कुठं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, कुठेच नाही सर. तुम्ही रुमालाने बोटं पुसलीत, जणू काही लागलं होतं, आणि बाहेर जाऊन सायकलजवळ उभे राहिलात. दुसऱ्या दिवशी मात्र तुमची ती जाडी इंग्रजी डिक्शनरी माझ्या टेबलावर आणून ठेवलीत. म्हणालात, आता शिकतेच आहेस तर नीट शीक. पुठ्ठ्याला बँडेजची पट्टी चिकटवलेली होती. त्या डिक्शनरीवर मी नागपूरच्या फुटपाथवरची प्रोग्रामिंगची जुनी पुस्तकं वाचली, एकेका पानाला एकेक संध्याकाळ लावून. शिकवणारा कोणी नव्हता. क्लासच्या मालकाला कॉम्प्युटर चालू करता येत असे, बंद करायला तो मला बोलवायचा. त्याच थंडीत तुम्ही गेलात. मी पहिला प्रोग्राम लिहिला, शाळेच्या गुणपत्रिकेचा, तो तुम्ही पाहिला नाहीत. पाहिला असता तरी तोंड वाकडंच केलं असतं.

आता जे सांगायचं आहे ते त्या जिनिंग फॅक्टरीचं. नाव लिहीत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे. शेठने नवा इलेक्ट्रॉनिक काटा बसवला आणि त्याला कॉम्प्युटर जोडायचं ठरवलं, कारण दुसऱ्या एका शेठने जोडला होता. याहून मोठं कारण मी या धंद्यात कधी पाहिलं नाही. काम साधं. कापसाने भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, बैल सोडून काट्यावर यायची, वजन व्हायचं. कापूस गंजीवर उतरला की रिकामी बंडी पुन्हा तोलायची. भरलेल्यातून रिकामी वजा केली की कापूस. तो हिशोब ठेवणारा प्रोग्राम मी लिहिला, आणि त्यात तुमचा नियम घातला. कोणी एकदा लिहिलेलं वजन बदललं तर प्रोग्राम आधीचा आकडा पुसणार नाही. आधी काय होतं, आता काय केलं, किती वाजता, आणि कोणाच्या नावाने, हे शेजारी नोंदवून ठेवेल. बाजूला सही. मला वाटलं, सर नाहीत, पण त्यांची खोड या डब्यात टाकून ठेवली. शेठ म्हणाले, "एवढं काऊन लिहून राह्यली बाई? आपली घरचीच मानसं हाय सारी." मी म्हटलं, असू द्या शेठ, प्रोग्रामला घरचं-बाहेरचं कळत नाही. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला, चिठ्ठ्या दिल्या, पाठ करून फाडून टाका म्हणून सांगितलं. मी निघायच्या आत त्या चिठ्ठ्या एकमेकांना दाखवून झाल्या होत्या. कोणाचा सोपा आहे यावर हसणं चाललं होतं.

काट्यावर जे गृहस्थ बसत त्यांना सगळे काका म्हणत. त्यांच्या हाताची बोहनी चांगली, अशी साऱ्या फॅक्टरीची श्रद्धा. वर्षानुवर्षं हंगामाची पहिली बंडी त्यांच्याच हाताने काट्यावर चढे, रोज सकाळी काट्याला पहिला हात त्यांचाच. कॉम्प्युटर आला तरी तेच. सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून काका येत, स्क्रीनला उदबत्ती ओवाळत, आपल्या नावाने प्रोग्राम उघडत. आणि एकदा त्यांच्या हाताने उघडला की दिवसभर कोणी बंद करत नसे. मधेच बंद करून दुसऱ्याने उघडायचं म्हणजे झालेली बोहनी मोडायची. खुर्चीवर दिवसभर कोणीही बसो, मुनीम बसो, शेठचा जावई बसो, नाव काकांचं. हे मला पहिल्याच महिन्यात दिसलं. मी शेठना सांगितलं, काकांना सांगितलं, कागदावर लिहून दिलं. ते हसले. जगातल्या कोणत्या पुस्तकात हा धोका लिहिलेला नव्हता. चोर किल्ली पळवतात, कुलूप तोडतात, हे सगळं लिहिलेलं होतं. शुभ म्हणून दार उघडंच ठेवायचं, हे त्या लेखकांना सुचलं नसावं.

आणि माझी त्या उघडण्यातली जागाही सांगते. पहिल्या हंगामाच्या मुहूर्ताला मी मशीनजवळ उभी होते, काही अडलं तर बघावं म्हणून. नारळ फोडायची वेळ झाली तेव्हा काका माझ्याकडे न बघता म्हणाले, बाई, तुमी जरा गंजीच्या तिकडं व्हा, मुहूर्त होऊ द्या. सगळ्यांना कळलं, मलाही कळलं. मी लिहिलेला प्रोग्राम, आणि तो उघडताना माझी सावली नको. मी कापसाच्या गंजीमागे जाऊन उभी राहिले. तिथून टाळ्यांचा आवाज आला. मला वाईट वाटलं नाही सर. मला किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या हंगामात हिंगणीकडचा एक शेतकरी आला. भाजीपाला करणारा माणूस, थोडा कापूस लावायचा. आठवडाभरात दोनदा बंडी आणली. दुसऱ्या वेळी त्याच्या लक्षात आलं की रिकाम्या बंडीचं वजन मागच्यापेक्षा बरंच जास्त लागलंय. रिकामी बंडी जड दाखवली की कापूस तेवढा कमी भरतो. त्याने आरडाओरडा केला नाही. पावती वर धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "शेठ, माही बंडी इथून जेवून गेलती का?" लोक हसले, मग आपापल्या पावत्या काढून बघायला लागले, आणि मग कोणी हसलं नाही. संध्याकाळपर्यंत फाटकावर गर्दी. शेठने मला बोलावलं. मी बदलांची नोंद काढून दिली. दुपारच्या वेळी कितीतरी रिकाम्या बंड्यांची वजनं वाढवलेली होती, आणि प्रत्येक बदलाशेजारी काकांचं नाव. शेठने सुटकेचा निःश्वास टाकला. माणूस सापडला. त्यांनी स्वतःच पोलिसांना फोन केला.

ते पोलीस, सर. कॉम्प्युटरचा नवा कायदा आला आहे हे साहेबांनी ऐकलं होतं, वाचला नव्हता. समोरचा चहावाला आणि पंक्चरवाला, दोन पंच बसवून पंचनामा झाला. त्यांनी मॉनिटर आणि कीबोर्ड पांढऱ्या कापडात बांधला, गाठींवर लाख वितळवून शिक्के मारले. टेबलाखालचा डबा तसाच घरघरत राहिला. मी म्हटलं, साहेब, सगळं त्या डब्यात आहे. ते म्हणाले, "बाई, दिसते त्याले पुरावा म्हंतेत." दुसऱ्या दिवशी कोणीतरी वर्ध्याहून फोनवर समज दिली तेव्हा डबा न्यायला आले. मधल्या वेळात तो शेठच्या ऑफिसात होता, जावयाच्या पायाशी. त्याबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. डब्यालाही लाख लावली. थेट फ्लॉपीच्या फटीवर. लाख आत गळली. माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी सांगत असताना. कायद्याला वस्तू बांधता येते, ती काय आहे हे समजून घ्यायची त्याला गरज वाटत नाही.

कोणी केलं हे काट्यावरच्या प्रत्येक हमालाला माहीत होतं. दुपारी काका जेवायला घरी जात आणि जावई खुर्चीवर बसे. पण सांगणार कोण? आणि काका स्वतः काय सांगत होते? त्यांनी ठाण्यात जबाब दिला की मशीन मीच उघडतो आणि माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. त्या एका वाक्याने ते तुरुंगात जाणार होते. त्यांना ते वाक्य बदलायला सांगावं म्हणून मी जामीन झाल्यावर त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि दाराआड उभी राहिली. मी म्हटलं, काका, बोहनी तुमच्या हाताची, मान्य. दिवसभर खुर्चीवर कोण बसतं तेवढं फक्त सांगा. त्यांनी उजवा तळहात माझ्यासमोर धरला.

"तुमाले नाई समजत बाई. मले शेठनं इतके वर्स ठेवलं ते ह्या हाताच्या पायी. दुसऱ्याचा बी हात लागते म्हनलं, तं माह्यापाशी राह्यलं काय?"

मी म्हटलं, जेल राहील. ते हसले. मग म्हणाले, "तुमी त्या दिवशी मुहूर्ताले समोर आल्या ना, तवाच माह्यं मन खटकलं होतं." दाराआडून त्यांची बायको म्हणाली, "काय बोलून राह्यले तुमी. बाई आपल्यासाठी आली." त्यांनी तिला गप्प केलं नाही आणि आपले शब्द परतही घेतले नाहीत. मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि निघाले. त्या गल्लीतून बाहेर येताना मी ठरवून टाकलं असतं की जाऊ द्या, तर मला कोणी दोष दिला नसता. माझ्या प्रोग्राममध्ये चूक नव्हती. नोंद खरी होती. मला फक्त कोर्टात उभं राहून तेवढंच सांगायचं होतं.

कोर्टात सरकारी वकिलांनी एक प्रमाणपत्र तयार करून आणलं होतं. कॉम्प्युटरचा कागद पुराव्यात घ्यायचा तर तो चालवणाऱ्या जबाबदार माणसाने सही करून द्यावी लागते की यंत्र नीट चालू होतं. ठीक आहे. पण खाली एक वाक्य वाढवलेलं होतं, की सदर बदल आरोपीने स्वतः केले आहेत. मी म्हटलं, यावर माझी सही नाही होणार. वकील चिडले. म्हणाले, वरचं सगळं तुमचंच आहे ना, मग? मी पेन मागितलं, ते वाक्य खोडलं आणि बाजूला सही केली. त्यांनी असा चेहरा केला जणू मी कागदावर थुंकले. मग मला पिंजऱ्यात उभं करून विचारलं, प्रोग्राम तुम्हीच लिहिला? हो. त्यात चूक आहे? नाही. मग त्यात नाव कोणाचं आहे? मी सांगितलं, ज्याने सकाळी उघडला त्याचं. दिवसभर कोण बसलं हे त्याला कळत नाही, आणि तिथे दिवसभर कोणीही बसतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे आणि शेठना लिहूनही दिलं होतं. शेठ मागच्या बाकावर होते. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि सरळ विचारलं, म्हणजे बाई, तुमच्या प्रोग्रामवर विश्वास ठेवायचा नाही? "या बाबतीत नाही ठेवायचा, साहेब," मी म्हणाले. पलीकडे टेबलावर तो डबा पांढऱ्या कापडात बांधून ठेवला होता. तो चालू करून बघावा असं कोणाला वाटलं नाही, आणि वाटलं असतं तरी त्याची वायर कोणी आणली नव्हती.

माझ्या त्या एका उत्तराने गावातलं माझं काम संपलं. कापड दुकानवाल्याने सांगितलं, तुम्हीच कोर्टात बोलल्या ना, की विश्वास नका ठेवू. शाळेने गुणपत्रिकांचं काम वर्ध्याच्या कोणाला दिलं. मी पुन्हा टायपिंगवर आले, आता गावातल्या मुलींना शिकवते, खिडकीजवळ दोन कॉम्प्युटर आहेत. केस रखडत रखडत संपली. काका पुराव्याअभावी निर्दोष. जावयावर कधी काही झालं नाही, तो आता फॅक्टरी बघतो. शेठने काकांना परत घेतलं नाही. बाजारातला एक मिठाईवाला सकाळी त्यांच्या हातून शटर उघडून घेतो. अजून. मी समोरून आले की काका मान वळवतात.

तुमच्यावरही माझा राग आहे सर, तोही आज काढते. तुम्ही मला खोडणाऱ्याची सही शिकवलीत, पण ती सही करणारा हात कोणाचा, हे कधी बघितलं नाहीत. तुमच्या टेबलावर अंगठे उठत. एक म्हातारी केळझरकडून आली होती, भावाबरोबर, शेतातला वाटा सोडल्याचा कागद करायला. मी तिला विचारलं होतं, आजी, काय लिहिलंय ठाऊक आहे का? तुम्ही मला नजरेने गप्प केलंत आणि नंतर म्हणालात, आपलं काम टायपायचं, ते बरोबर टायप. तो कागद किती शुद्ध होता. कुठे खाडाखोड नव्हती. आजच्या त्या टायवाल्या वकिलात आणि तुमच्यात मला फार फरक दिसत नाही. त्याला कॉम्प्युटर पवित्र वाटतो, तुम्हाला कागद वाटायचा. माझ्या प्रोग्राममध्ये मीही तेच केलं, नाव लिहून घेतलं आणि माणूस ओळखला असं समजले.

हे पत्र घालायला पेटी नाही. तुमचं घर विकलं गेलं, काकू मुलाकडे पुण्याला आहेत, तिथे हे पाठवून त्यांना काय कळणार. तेव्हा इथेच राहील. एक मात्र लिहून ठेवते. लोक म्हणतात, बाई खरेपणाने वागली. वाचनालयात एकदा माझा सत्कारही करत होते, मी गेले नाही. मी कोर्टात खरं बोलले ते खऱ्यासाठी नाही सर. मला गंजीमागे उभं करणाऱ्या त्या माणसाला सोडवणारा हात कोणाचा होता, हे त्याला मरेपर्यंत माहीत असावं, म्हणून बोलले. हे कोर्टाने मला विचारलं नाही.